टॅरंटुला : पाळण्यापूर्वी आणि पाळल्यावर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या या व्याख्यानमालेत आमच्यापूर्वी जी व्याख्याने झाली, त्यांत संतवाङ्मय होते, नाट्यसंगीत होते, परप्रांतातील मराठी मुलांच्या भाषेचा प्रश्न होता. त्या मालिकेत आमच्या वाट्यास आलेला विषय पत्रिकेत वाचून कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ज्याची जळमटे दिवाळीपूर्वी केरसुणीने काढून टाकायची त्या कोळ्याविषयी तासभर बोलायचे, आणि तेही त्याला घरात आणून पाळावे कसे याविषयी! परंतु हा विषय आम्ही निवडलेला नाही. मंडळाच्या तरुण सभासदांनी तो आमच्यावर सोपविला आणि प्राणिशास्त्राच्या अध्यापनात उभी हयात घालविल्यामुळे आम्हांला नाही म्हणता आले नाही.

तरुणांच्या या आग्रहाला कारणही आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले आज जर्मनीत, इंग्लंडात, अमेरिकेत आहेत. तेथे टॅरंटुला जातीचे मोठे केसाळ कोळी दुकानांतून विकत मिळतात आणि कुत्र्यामांजरांना जागा नसलेल्या लहान बिऱ्हाडांतून ते हौसेने पाळले जातात. ती हवा आता इकडेही आली आहे. तरुण आम्हांला दोन प्रश्न विचारतात : कोणता घ्यावा आणि कसा सांभाळावा. त्यांचे वडीलधारे एकच प्रश्न विचारतात : मुळात घ्यावाच कशाला? तिन्ही प्रश्नांची उत्तरे देण्याचा आम्ही यथामति प्रयत्न करणार आहोत. वडीलधाऱ्यांचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, म्हणून तो शेवटी घेऊ.

आरंभी एका गोष्टीचे स्मरण करून देणे अस्थानी होणार नाही. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत पृथ्वी आहे, समुद्र आहे, मधमाशी आहे आणि कोळीही आहे. आपल्याच पोटातून तंतू काढून जाळे विणणारा आणि ते पुन्हा गिळून टाकणारा कोळी हा तेथे सृष्टीची उत्पत्ती व लय समजावून देणारा दृष्टांत ठरला आहे. या स्कंधावरील एकनाथमहाराजांची विस्तृत टीका, म्हणजे आपले एकनाथी भागवत, १५७३ साली वाराणसीस पूर्ण झाले. म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर. तेव्हा ज्याला आपण केरसुणी दाखवितो, त्याला आपल्या परंपरेने गुरूच्या आसनावर बसविलेले आहे. निदान तासभर त्याच्याविषयी आदराने बोलण्यास एवढे निमित्त पुरेसे आहे.

आता या प्राण्याची ओळख. टॅरंटुला हे नाव मुळात त्याचे नव्हेच. इटलीच्या दक्षिणेस तारांतो नावाचे बंदर आहे. त्या मुलखात आढळणाऱ्या एका भटक्या कोळ्याला गावाच्या नावावरून हे नाव पडले. तो चावला तर बेभान होऊन नाचल्याखेरीज विष उतरत नाही, अशी तेथील लोकांची समजूत होती आणि तारांतेला हे नृत्य त्या समजुतीशी जोडले गेले. पुढे युरोपीय लोक अमेरिकेत गेले. तेथे त्यांना तळहाताएवढे केसाळ कोळी दिसले आणि त्यांनी गावाकडचे नाव या परक्या प्राण्याला देऊन टाकले. मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्त्या विदुषीने दक्षिण अमेरिकेतील सुरिनामच्या कीटकसृष्टीवरील आपला ग्रंथ १७०५ साली प्रसिद्ध केला. त्यातील एका चित्रात असा कोळी एका इवल्या पक्ष्याला भक्षीत असलेला दाखविला आहे. पुढे १७५८ साली लिनीअसने या कोळ्याला नाव दिले, त्याचाही अर्थ पक्ष्याशीच निगडित आहे. प्रत्यक्षात हे कोळी बहुतांशी किडेच खातात. पण एका चित्राने त्यांची कुप्रसिद्धी तीनशे वर्षे टिकविली.

आज या कुलात हजाराहून अधिक जाती शास्त्राला ठाऊक आहेत. आपल्या घरातील कोळ्याचे विषदंत चिमट्यासारखे आडवे मिटतात, तर यांचे दोन कुदळी एकदम माराव्यात तसे वरून खाली येतात. हे कोळी चाकासारखे जाळे विणून त्यात बसत नाहीत. कोणी जमिनीत बीळ करतो, कोणी झाडाच्या ढोलीत रेशमाचे अस्तर लावून राहतो आणि भक्ष्य जवळ येईपर्यंत वाट पाहतो. डोळे आठ असले तरी दृष्टी अगदीच बेताची. अंगावरचे केस आणि पायांना जाणवणारी जमिनीची थरथर, यांवरच त्याचे जग उभे असते. पाळणाऱ्याने ही गोष्ट कधी विसरू नये. आपण ज्याला हाक मारणे म्हणतो ते त्याच्या लेखी केवळ एक कंप असतो आणि कंपाचे अर्थ त्याच्यापाशी दोनच : भक्ष्य किंवा शत्रू.

आता पहिला प्रश्न : कोणता घ्यावा? नवशिक्याने दोन गट ध्यानात ठेवावेत. अमेरिका खंडातील बहुतेक जातींच्या पोटावर बारीक खाजरे केस असतात. त्रास दिला की कोळी मागच्या पायांनी ते झाडतो आणि हवेत उडवितो. आपल्याकडील खाजकुइलीच्या शेंगा ज्यांनी लहानपणी हाताळल्या असतील, त्यांना अधिक सांगावयास नको. हे हत्यार जवळ असल्यामुळे या जाती चावण्याची घाई करीत नाहीत आणि त्यांचे विष माणसाच्या दृष्टीने सौम्य असते. आशिया व आफ्रिका खंडांतील जातींपाशी हे केस नाहीत. त्या विजेसारख्या पळतात, चटकन चावतात आणि त्यांचे विषही अधिक तीव्र असते. या दंशाने माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही. तथापि भारत व श्रीलंकेतील झाडावर राहणाऱ्या काही जातींच्या दंशाने स्नायूंत पेटके येतात आणि ते कधी कधी अनेक दिवस छळतात. म्हणून दुसऱ्या गटाच्या वाटेला नवशिक्याने जाऊ नये, मग त्यांचे रंग कितीही मोहक असोत.

पहिल्या गटातही जमिनीवर राहणारी, संथ आणि कोरड्या हवेत सुखाने नांदणारी जात निवडावी. चिलीचा गुलाबी झाकेचा कोळी अनेक वर्षे नवशिक्यांचा पहिला कोळी होता. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील तांबड्या गुडघ्यांचा कोळी त्याहून देखणा. काळ्या पायांवर नारिंगी पट्टे ल्यालेला हा प्राणी चित्रांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. या दुसऱ्याची कथा उद्बोधक आहे. तो इतका लोकप्रिय झाला की रानातून त्याची बेसुमार उचल होऊ लागली. अखेर १९८५ साली, वन्य जीवांच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याला घालावे लागले आणि पुढे त्याचा सबंध वंशच त्या यादीत आला. नावाचा घोळ तर आणखी मजेचा आहे. ब्रॅकिपेल्मा स्मिथाय या नावाने जगभर विकले गेलेले कोळी बहुतांशी ब्रॅकिपेल्मा हॅमोराय या निराळ्या जातीचे होते, हे २०१७ साली मेक्सिकन संशोधकांनी केलेल्या फेरतपासणीत स्पष्ट झाले. हजारो लोक वर्षानुवर्षे ज्याला पाळीत होते, त्याचे खरे नाव त्यांना ठाऊक नव्हते.

म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न विचारावा तो किंमतीचा नव्हे. हा कोळी पिंजऱ्यात जन्मलेला आहे की रानातून धरून आणलेला, हे आधी विचारावे. मादी प्रौढ व्हावयास कित्येक वर्षे लागतात. रानातील प्रौढ मादी उचलली की त्या टेकडीवरची एक सबंध पिढी उचलली जाते. विकणाऱ्याला समाधानकारक उत्तर देता आले नाही, तर नमस्कार करून बाहेर पडावे.

दुसरा विचार वयाचा व लिंगाचा. तुरीच्या डाळीएवढी पिल्ले स्वस्त मिळतात आणि ती वाढताना पाहण्यात आनंदही आहे. मात्र ती नाजूक असतात. पाण्याचा एक थेंब कमी-अधिक झाला तरी दगावू शकतात. पूर्ण वाढलेला नर घेऊ नये. त्याच्या पुढच्या पायांवर आकडे दिसू लागले आणि तोंडापुढील दोन आखूड पायांची टोके गोटीसारखी फुगली, की त्याचे आयुष्य साधारणतः वर्षभराचे, फार तर त्याहून थोडे अधिक उरलेले असते. मादी मात्र कित्येक जातींत वीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगते. नवशिक्याने अर्धवट वाढलेली मादी घ्यावी हे उत्तम. नर की मादी हे टाकलेल्या कातीवरून जाणकाराला ओळखता येते. ती कात पाहावयास मागावी.

दुसरा प्रश्न सांभाळण्याचा. येथे आमचा अनुभव असा, की नवशिके उपेक्षेपेक्षा अतिकाळजीनेच कोळ्याला अधिक मारतात. घर मोठे असावे असे आपल्याला वाटते. पायांसकट त्याच्या पसाऱ्याच्या तिप्पट लांब आणि दुप्पट रुंद पेटी त्याला भरपूर होते. उंची मात्र बेताचीच हवी. जमिनीवर राहणाऱ्या कोळ्याचे पोट पाण्याने भरलेल्या फुग्यासारखे असते. उंच काचेवर चढून तो पडला तर पोट फुटते आणि ते बहुधा सांधत नाही. तळाशी नारळाच्या काथ्याचा भुसा जाड थराने घालावा, म्हणजे त्याला बीळ करता येते आणि पडला तरी उंची कमी राहते. आपल्याकडे रोपवाटिकेतून हा भुसा सहज मिळतो. त्यात खत मिसळलेले नाही एवढी खात्री करून घ्यावी. एका बाजूस झाडाच्या सालीचा आडोसा आणि दुसऱ्या बाजूस पाण्याची उथळ वाटी, एवढा संसार त्याला पुरतो. झाकण घट्ट व कडीचे असावे. वायुवीजनासाठी बारीक छिद्रे ठेवावीत, मात्र तारेची जाळी लावू नये. तिच्यात त्याच्या पायांची नखे अडकतात.

परदेशातील पुस्तकांत खोली उबदार ठेवण्याविषयी पुष्कळ लिहिलेले असते. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. ज्या खोलीत आपल्याला पंख्याखाली निवांत बसवते ती खोली त्यालाही मानवते. पण उत्तर हिंदुस्थानातील किंवा विदर्भातील मे महिन्यात बंद घरात ठेवलेली काचेची पेटी म्हणजे भट्टीच. तिच्यावर ऊन कधीही पडू देऊ नये. आणखी एक खबरदारी आपल्याच घरांना लागू आहे. डासांची उदबत्ती, झुरळांवरचे फवारे आणि घरभर होणारी औषधफवारणी ही जशी झुरळाला मारतात तशीच कोळ्यालाही मारतात. ज्या घरात हे टाळता येत नाही, त्या घरात कोळी आणू नये.

अन्नाची चिंता त्या मानाने थोडी. प्रौढ कोळ्याला आठवड्यातून एकदोन रातकिडे किंवा खास वाढविलेली झुरळे पुरतात. पिल्लांना लहान किडे थोडे अधिक वेळा द्यावे लागतात. मोरीतले झुरळ पकडून घालण्याचा मोह आवरावा, कारण त्याने कोठे कोणते विष चाटले असेल हे आपल्याला समजत नाही. खाऊन उरलेले दुसऱ्या दिवशी काढून टाकावे. पाणी मात्र नेहमी असावे. चिलीचा कोळी कधी कधी महिनोन्महिने काही खात नाही. आपल्या घरात पाहुण्याने ताट परत केले की जी धांदल उडते, ती येथे उडवू नये. पोट भरदार दिसते आहे आणि वाटीत पाणी आहे, तोवर त्याचा उपवास त्याला करू द्यावा. एका पेटीत दोन कोळी मात्र कदापि ठेवू नयेत. सहवास ही कल्पनाच त्यांना ठाऊक नाही. दोघांतला एक दुसऱ्याचे भक्ष्य होतो.

आता ज्या गोष्टीमुळे सर्वाधिक निष्पाप कोळी कचऱ्यात जातात, ती सांगतो. कोळ्याचा सांगाडा अंगाबाहेर असतो. वाढावयाचे तर तो उतरवावा लागतो, म्हणजेच कात टाकावी लागते. त्या आधी काही आठवडे तो खाणे सोडतो, सुस्त होतो, पोटावरची कातडी काळवंडते. मग एके दिवशी तो रेशमाची चटई विणतो आणि तिच्यावर चक्क उताणा पडतो.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलगा शिक्षणासाठी जर्मनीत आहे. त्याची आजी येथून दररोज त्याच्याशी बोलते आणि दृश्य दूरध्वनीमुळे त्याच्या खोलीतील कोळ्याचीही तिला ओळख झालेली आहे. एका रात्री तो कोळी आठही पाय वर करून पडलेला मुलाला दिसला. महिनाभर त्याने काही खाल्ले नव्हतेच. मुलाने पेटी उघडली, चमचा हातात घेतला आणि रडवेल्या आवाजात आजीला सांगितले, की गेला. आजीने क्षणभर निरखून पाहिले आणि म्हणाली, "अरे, मेलेला कोळी पाय पोटाशी आवळून मरतो. जन्मभर जळमटे काढली आहेत मी. याचे पाय पसरलेले आहेत. झाक ते आणि झोप." सकाळी पेटीत दोन कोळी दिसले : एक पोकळ, जुन्या रंगाचा, आणि दुसरा त्याच्या शेजारी, ओलसर, नव्या मखमलीचा, किंचित मोठा झालेला.

आजीबाईंचे निरीक्षण शास्त्रशुद्ध होते. कोळ्याला पाय आत ओढण्यासाठी स्नायू असतात. पण ते लांबविण्याचे बरेचसे काम शरीरातील द्रवाचा दाब करतो. प्राण गेला की दाब जातो आणि पाय मुठीसारखे आवळले जातात. म्हणून नवशिक्याने एवढे पाठच करावे : उताणा पडलेला कोळी कात टाकीत असतो, पाय पोटाशी घेऊन पालथा बसलेला कोळी संकटात असतो. पहिल्याला हात लावू नये, फुंकर घालू नये, पेटी हलवू नये. पेटीत जिवंत रातकिडा राहिला असेल तर मात्र हलकेच काढावा, कारण त्या अवस्थेत किडाच कोळ्याला कुरतडतो. कात टाकल्यानंतर विषदंत प्रथम पांढरे असतात, मग लालसर होतात आणि शेवटी काळे. ते काळे होईपर्यंत, म्हणजे आठदहा दिवस तरी, खाद्य देऊ नये. मोठ्या कोळ्याला याहून अधिक काळ लागतो. तुटलेला पायसुद्धा पुढच्या कातींबरोबर हळूहळू परत येतो, हे पाहिले म्हणजे या तुच्छ मानलेल्या जीवाविषयी मनात निराळाच भाव उत्पन्न होतो.

हातावर घेण्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. घेऊ नये. छायाचित्रांतून तळहातावर कोळी घेतलेले हसरे चेहरे आपण पाहतो. त्यातून कोळ्याला काहीही मिळत नाही. तो माणसाळत नाही, मालक ओळखत नाही. फार तर त्या वेळी धोका नाही एवढेच त्याला वाटत असते. एखादा झटका बसला, हात मागे गेला, तर चार फुटांवरून पडणे हा त्याचा मृत्यू आहे. आपल्यालाही धोका आहेच. इंग्लंडातील लीड्स येथे एक तरुण पेटीची काच पुशीत असताना त्याच्या कोळ्याने खाजरे केस झाडले. ते सूक्ष्म केस त्याच्या डोळ्यात रुतून बसले आणि दीर्घकाळ औषधोपचार करूनही नेत्रदाह पूर्णपणे गेला नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली ही हकीकत प्रसिद्ध झाली. म्हणून पेटी साफ करताना चष्मा लावावा, तोंड दूर ठेवावे, लांब चिमट्याने काम करावे आणि नंतर हात धुवावेत. डोळे चोळण्याची सवय असलेल्या लहान मुलांना हे काम देऊ नये.

आता आयुष्याचा हिशेब. मादी वीस वर्षे जगते, हे ऐकताना सोपे वाटते. या कुलाच्या दूरच्या नात्यातील, बिळाला झडप लावून राहणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन कोळ्याची कथा येथे सांगण्यासारखी आहे. बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेने १९७४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील कोळ्यांच्या बिळांची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. त्यांतील सोळा क्रमांकाच्या बिळातील मादी त्या एकाच बिळात राहिली. २०१६ साली संशोधकांना त्या बिळाच्या झाकणाला गांधीलमाशीने भोक पाडलेले आढळले आणि मादी नाहीशी झालेली होती. तिचे वय ४३ वर्षे मानले जाते. एक माणूस नोकरीस लागून सेवानिवृत्तीच्या जवळ येईल, एवढा हा काळ.

आपल्या मंडळाचे सभासद बहुधा बदलीच्या नोकरीतले. रेल्वे, बँका, लष्कर, केंद्र सरकारची कार्यालये. आज येथे, तीन वर्षांनी गुवाहाटीस, पुढे कोचीनला. अठराव्या वर्षी कोळी आणणाऱ्या मुलाने स्वतःस विचारावे : मी बाविसाव्या वर्षी परगावी गेलो तर हिची पाण्याची वाटी कोण भरणार? उत्तर "आई" असे असेल, तर ती आणण्यापूर्वी आईला विचारलेले आहे काय? परदेशी कोळ्याला येथील रानात सोडून देणे हा सुटकेचा मार्ग नव्हे. बहुधा तो मरेल, आणि न मेला तर येथील जीवांना त्याचा उपद्रव होईल.

यापुढची गोष्ट कायद्याची आहे, आणि ती टाळता येणार नाही. जुलै २०२१ मध्ये मद्रासच्या, म्हणजे आताच्या चेन्नईच्या, सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून टपालाने आलेले एक पार्सल उघडले. त्यात चंदेरी कागदात व कापसात गुंडाळलेल्या १०७ लहान कुप्या होत्या आणि प्रत्येकीत एक जिवंत कोळी. तज्ज्ञांनी पाहिले तेव्हा त्यांत मेक्सिकोकडील संरक्षित वंशाचे कोळी निघाले. आयातीचा कोणताही परवाना नसल्यामुळे ते परत पाठविण्याचा निर्णय झाला. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिच्यान्वये आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांतील परदेशी प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची नोंदणी करणे आवश्यक झाले असून त्याविषयीचे तपशीलवार नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. तेव्हा येथे कोणी "पार्सलने घरपोच देतो" असे म्हणाला, तर कागदपत्रे मागावीत. कागद नसतील तर तो सौदा कितीही स्वस्त असला तरी महागच पडतो.

आणि आपल्या भूमीवरचे कोळी? येथे आम्हांला थोडे मनापासून बोलू द्यावे. आंध्र प्रदेशात गुत्ती नावाचे रेल्वेचे ठिकाण आहे. तेथील लाकडाच्या वखारीत सापडलेल्या एका नमुन्यावरून पोकॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९९ साली एका नव्या जातीचे वर्णन केले आणि तिला पीसिलोथेरिया मेटॅलिका असे नाव दिले. त्यानंतर शंभर वर्षे तो कोळी जणू लुप्तच होता. २००१ साली तो पुन्हा आढळला, गुत्तीस नव्हे, तर तेथून सुमारे शंभर किलोमीटर दूर, नंद्याळ आणि गिद्दलूर यांमधील पूर्व घाटाच्या जंगलात. गुत्तीचा तो पहिला नमुना बहुधा लाकडांबरोबर आगगाडीने आलेला प्रवासी होता! मोरपिशी निळ्या रंगाचा असा कोळी जगात क्वचितच असेल. आज युरोप-अमेरिकेत हौशी लोकांच्या पेट्यांतून त्याची पैदास होते. पण त्याच्या मूळ रानात तो इतका विरळ व तेथील जंगलतोड इतकी गंभीर, की २००८ साली त्याची गणना आत्यंतिक संकटग्रस्त जातींत झाली. २०१९ साली त्याचा सबंध वंश आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आला. त्याच वंशाची एक जात आपल्या पश्चिम घाटातही आहे. जुन्या झाडांच्या ढोलीत ती दिवस काढते आणि रात्री बाहेर पडते. झाड पडले की तिचे घर पडते.

तेव्हा तरुणांना आमचे आग्रहाचे सांगणे असे, की रानातून कोळी उचलून आणू नका. सुटीत सह्याद्रीत गेलात तर रात्री विजेरी घेऊन, जाणकारास सोबत घेऊन, ढोल्या आणि घाटरस्त्याच्या कडेच्या दरडी पाहा. त्याच्या दाराशी दोन घटका उभे राहून परत या. हे पाहणे पाळण्यापेक्षा उणे नाही.

आता वडीलधाऱ्यांचा प्रश्न : पाळावाच कशाला? गाय दूध देते, कुत्रा राखण करतो, पोपट नाव घेतो. कोळी यांतले काहीच करीत नाही. तो दारात वाट पाहत नाही, अंगावर उडी घेत नाही, आपण चार दिवस नसलो तरी त्याला आपली आठवण येत नाही. ज्याला घरात सोबत हवी आहे त्याने कोळी पाळू नये, हे आम्ही निःसंकोचपणे सांगतो. परंतु एखाद्या मुलाला पाहण्याची हौस असते. पेटीजवळ तासभर बसून काहीच घडत नसताना त्याला कंटाळा येत नाही. एका रात्री बीळ उकरताना, मातीचा गोळा रेशमात बांधून दाराशी आणून टाकताना तो कोळ्याला पाहतो आणि दुसऱ्या दिवशी वहीत तारीख घालून लिहितो. कात केव्हा टाकली, खाणे केव्हा सोडले, पाणी केव्हा प्याला. अशा मुलाला कोळी पुष्कळ देतो. जो आपल्याला कधीच ओळखणार नाही अशा जीवाची पाण्याची वाटी वीस वर्षे भरीत राहणे हे सोपे शिक्षण नव्हे, आणि ते कोणत्याही शाळेत मिळत नाही.

म्हणून आमचे उत्तर सशर्त आहे. मुलगा वा मुलगी सहा महिने त्याविषयी वाचीत राहिली, घरातल्या कोपऱ्यातील साध्या कोळ्याचे निरीक्षण करून वही भरली, पेटीची तयारी आधी केली, कागदपत्रांसह पिंजऱ्यात जन्मलेला कोळी मिळाला, आणि आपल्या पश्चात तो कोण सांभाळील याचे उत्तर घरातल्या माणसांना विचारून मिळाले, तर आईवडिलांनी भीती बाजूस ठेवून होकार द्यावा. यांतली एक जरी अट अपुरी राहिली तर थांबावे. कोपऱ्यातल्या कोळ्याला परवाना लागत नाही. यंदाच्या दिवाळीस एका कोपऱ्यातले जळमट केरसुणीने न काढता तसेच राहू द्यावे आणि मुलाला वही आणून द्यावी, एवढे आम्ही गृहिणींस विनवितो.

  प्रश्न विचारावयाचे असतील त्यांनी चहाच्या वेळी अवश्य विचारावेत.